सव्वीस फॉर्म, तेवीस मुलं

१

शुक्रवारी सकाळी रायपूरच्या प्रशिक्षण केंद्राच्या फाटकातून आत आले तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती शांतता. लोखंड कातायची आठ लेथ यंत्रं एकदम फिरत असली की फाटकापासूनच तळपायाला बारीक कंप लागतो. त्या दिवशी जमीन गप्प होती.

टर्नर ट्रेडची, म्हणजे लेथचं काम शिकणारी मुलं कार्यशाळेबाहेर, नोटीस बोर्डासमोर उभी होती. बोर्डावर माझाच कागद होता. विद्यार्थ्यांनी प्रशिक्षकांना दिलेले गुण. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच. एक म्हणजे अगदी वाईट, पाच म्हणजे उत्तम. सगळ्यांची सरासरी काढून मी तो आदल्या संध्याकाळी लावला होता. अडीचच्या खाली गेलेल्या माणसाचा करार पुढच्या वर्षी होत नाही, असा केंद्राचा नियम आहे.

शेवटच्या ओळीत त्यांच्या प्रशिक्षकांचं नाव होतं, मा. रा. रामटेके. समोर २.२.

"दीदी, ये आपने लगाया?" यशदीपने विचारलं. तो वर्गाचा प्रतिनिधी. घरी मराठी बोलतो, बाहेर हिंदी.

"हो."

"गलत है। हम सबने पाँच-पाँच दिए थे।"

मागून पंधरा-वीस आवाज आले, "हव, पाँच!" एकटी चेतना काही बोलली नाही. वर्गातली ती एकच मुलगी. ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, लाजत असेल.

बेरीज मी तीनदा केली होती. तरी यशदीपला ऑफिसात नेलं आणि गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. सव्वीस फॉर्म. त्याने एकेक उलटून पाहिला. फॉर्मच्या मागे 'आणखी काही सांगायचे असल्यास' अशी दोन ओळींची जागा असते. सव्वीसच्या सव्वीस कोऱ्या होत्या.

"मैंने पीछे लिखा था," तो हळू म्हणाला. "दो लाइन पूरी। दीदी, इसमें मेरा फॉर्म ही नहीं है।"

२

प्राचार्य निरंजन सरांनी दार लावून घेतलं.

"बाहेर गेलं ना हे, तर उद्या सगळ्याच प्रशिक्षकांचे गुण खोटे म्हणतील लोक," ते म्हणाले. "अनुश्री, तू संख्याशास्त्रवाली. शोध. सोमवारी चार वाजता केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टची माणसं येऊन राहिली. तोपर्यंत मले नाव पाहिजे."

"आणि नाव नाही मिळालं तर?"

"तर ते चिरागचं नाव घेतील. घेऊनच राहिले."

चिराग त्याच ट्रेडचा दुसरा प्रशिक्षक, वय सव्वीस, सहा महिन्यांच्या करारावर. रामटेके सर गेले तर बॅच त्याला मिळणार हे शिपायालाही माहीत होतं. गेल्या महिन्यात त्याचा साखरपुडा झाला. पेढे मीही खाल्ले होते.

"सरांचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"त्याचं काय असणार! बोर्ड पाहून म्हणे, ठीक आहे. बस, एवढंच." निरंजन सर हसले. "म्हातारा दर वर्षी कंटाळते. दिवाळीपासून दोनदा राजीनामा घेऊन आला होता. मी दोन्ही वेळा फाडला. रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस मी कुठून आणू दुसरा?"

मी बाहेर आले. जेवणाची वेळ होती. माझा डबा मी एकटीच खाते. कर्मचाऱ्यांत माझ्या वयाची दुसरी मुलगी नाही, आणि जे आहेत ते माझ्याशी जरा जपून बोलतात. लोकांना गुण मोजणारी मुलगी शेजारी बसलेली आवडत नाही.

त्या दिवशी तर मी डबा घेऊन आले तशी टेबलावरची दोन माणसं उठली.

३

पाकिटाचा प्रवास मी कागदावर मांडला.

मंगळवारी साडेअकराला ऑफिसातल्या यामिनीताईंनी वर्गात फॉर्म वाटले. त्या वेळी प्रशिक्षकाने बाहेर थांबायचं असतं. मुलांनी टिका मारल्या, यशदीपने फॉर्म पाकिटात घातले आणि बाहेर बसलेल्या रामटेके सरांना नेऊन दिले. सरांनी डिंक लावून पाकीट बंद केलं आणि जोडावर सही केली. बाराला ते यामिनीताईंच्या कपाटात गेलं. गुरुवारी दुपारी मी उघडलं. डिंक शाबूत होता, जोडावरची सहीही.

पण डिंक वाफेने सुटतो आणि पुन्हा लागतो. अदलाबदल करू शकणारी माणसं तीन. कपाटाची चावी असलेल्या यामिनीताई. त्याच कपाटातून रोज हत्यारांची वही घेणारा चिराग. आणि यशदीप. पण त्याने फॉर्म बदलले असते तर तो ओरडत माझ्याकडे आला नसता.

रामटेके सरांचं नाव मी लिहिलंच नाही. स्वतःचे गुण कोण कमी करतं?

"मेरे को क्या पता," यामिनीताई म्हणाल्या. बोलताना त्या स्टेपलरच्या पिना भरत होत्या. एक पट्टी भरली, काढली, परत भरली. "चाबी मेरे पर्स में रहती है। बाँटे, हो गया।"

"किती वाटले, ताई?"

स्टेपलर थांबला. "जितने बच्चे थे, उतने।"

चिराग कार्यशाळेमागे हात धूत होता. मला बघताच म्हणाला, "आ गईं सीआईडी।"

"मंगळवारी तू कॉरिडॉरमधून कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा उचललास. शिपायाने पाहिलं."

"उठाया। रोज उठाता हूँ।" त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. पुढे माझे दहा प्रश्न, मागे गिअरचे दात मोजायचं गणित. "पीछे कोरा रहता है ना। आपके फॉर्म का यही तो एक फायदा है, मैडम।"

मला हसू आलं, त्यालाही. मग तो गंभीर झाला.

"एक बात बोलूँ? सर को हटाना होता तो मैं सीधे सब में एक-एक मारता। दो दशमलव दो काहे लाता? इतनी मेहनत कौन करता है?"

तो गेला. त्याचं वाक्य मात्र माझ्याबरोबर राहिलं.

४

शनिवारी मी कार्यशाळेत गेले. लेथ पुन्हा सुरू झाले होते. सर खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर.

"ये, अनुश्री," ते म्हणाले. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. "तुह्या चपलेचा पट्टा ढिला झाला. शिवून घे, नाहीतर पडशील."

आम्ही मराठीत बोलतो. माझे आईबाबा बाबांच्या रेल्वेतल्या निवृत्तीनंतर चार महिन्यांपूर्वी वर्ध्याला परत गेले. तेव्हापासून रायपुरात माझ्याशी समोरासमोर मराठी बोलणारी माणसं दोनच, सर आणि प्राचार्य. त्यातले प्राचार्य कामापुरतं बोलतात.

"सर, तुम्हाला राग नाही आला?"

"काहून? पोट्ट्यांनी दिले ते दिले."

"त्यांनी पाच दिले म्हणतात."

तेवढ्यात तिसऱ्या लेथवरून एक मुलगा ओरडला, "बाईस दशमलव चार, सर!"

"दोन दशांश जास्त आहे. हळू घे," सर म्हणाले. लगेच पाचव्या लेथवरून दुसरं माप आलं, मग पहिल्यावरून. मापं अशी हवेतून येत होती आणि सर बसल्या जागेवरून उत्तरं देत होते.

"ही नवीन पद्धत का?"

"ह्यांचंच काढलेलं आहे हे. दिवाळीनंतर सुरू केलं. मी काही सांगितलं नाही." ते किंचित हसले. "पण बरं आहे. कान चांगले राहतात."

मी कार्यशाळेत एक फेरी मारली. काय बघायचं ते ठरलेलं नसलं की मी सगळंच लिहून घेते. फळा कोरा, खडूची धूळसुद्धा नाही. हत्यारांच्या पत्र्याच्या कपाटावर सुरक्षेचं एक नवं पोस्टर, बाकीच्यांपेक्षा खाली, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. पोस्टरवर बोट टेकवलं तर कागद आत गेला. मागे पत्र्याला खोल पोचा होता, कडा फाटलेल्या. टेबलावर हजेरीचं रजिस्टर, त्यात खुणेसाठी ठेवलेली वीतभर पितळी पट्टी. तिच्या एका कडेला सारख्या अंतरावर खाचा पाडलेल्या.

मी रजिस्टर उघडलं. बॅच अठ्ठावीसची. मंगळवारी हजर सव्वीस, गैरहजर दोन. पाकिटातल्या फॉर्मशी जुळत होतं.

सगळं जुळत होतं, आणि जुळलेल्या हिशेबातून यशदीपचा फॉर्म नाहीसा झाला होता.

५

परतताना यामिनीताई माझ्याच शेअर ऑटोत होत्या. उरला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर सळ्यांचे ट्रक अडले होते. ऑटोचा पडदा काळ्या धुळीने कडक झाला होता. बराच वेळ आम्ही दोघी पुढच्या ट्रकची पाटी वाचत बसलो.

"अनुश्री," त्या एकदम म्हणाल्या, "चिराग की नौकरी जाएगी क्या?"

"जाईल असं दिसतंय."

त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली. "मैंने तेईस बाँटे थे।"

मी त्यांच्याकडे वळले.

"तेईस बच्चे थे क्लास में। गिन के दिए। वो तीन लड़के हैं ना, मिल वाले, उनकी शिफ्ट बदलती है तो आ नहीं पाते। सर उनकी हाजिरी लगा देते हैं। अस्सी टक्का नहीं हुआ तो परीक्षा में नहीं बैठ पाएँगे बेचारे। सबको मालूम है। मैं बोलती तो उन तीनों का नुकसान, और सर का भी। इसलिए चुप रही। गलत किया क्या?"

"नाही, ताई," मी म्हणाले. पण माझं डोकं ऑटोच्या पुढे पळायला लागलं होतं.

वर्गात मुलं तेवीस. फॉर्म सव्वीस.

समता कॉलनीत एका दाताच्या दवाखान्याच्या वर माझी खोली आहे. खाली ड्रिल बंद झालं की दुपारचे दोन वाजले हे मला घड्याळाशिवाय कळतं. खिडकीतलं ऊन अजून होतं. मी जमिनीवर तीन आकडे मांडून बसले.

यामिनीताईंनी फॉर्म बदलले असते तर तेवीस ठेवले असते, कारण त्यांनी तेवीसच वाटले होते. चिराग त्या दिवशी वर्गात गेला नव्हता. त्याने बॅचच्या यादीप्रमाणे अठ्ठावीस ठेवले असते, नाहीतर जितके काढले तितके. पाकिटात सव्वीस होते. सव्वीस ही ना वर्गातली खरी संख्या, ना यादीतली. सव्वीस हा आकडा फक्त रजिस्टरमध्ये होता. आणि फॉर्म रजिस्टरशी जुळले नाहीत तर ज्या तीन मुलांची हजेरी उघडी पडेल, त्यांची काळजी असलेला माणूस एकच होता.

मी उठून पाणी प्यायले. हे उत्तर मला नको होतं. स्वतःच्याच विरुद्ध? मी पुन्हा फॉर्म काढले.

६

आता मी सरासरी पाहिली नाही, ओळी पाहिल्या.

माणसाला कुणाचा राग असला की तो त्याला सगळ्याच ओळींत झोडपतो. वेळेवर येणाऱ्यालाही वेळेवर येत नाही म्हणतो. प्रेम असलं की उलटं, अक्षर गिचमिड असलं तरी पाच देतो. एका गुणाची सावली दुसऱ्यावर पडते. आम्हाला हे वर्गात शिकवलं होतं आणि चार महिन्यांत मी शेकडो फॉर्मवर ते पाहिलं होतं. चिराग बरोबर बोलला होता. शत्रूने सगळीकडे एक-एक मारला असता.

ह्या सव्वीस फॉर्मवर कुठल्याच गुणाची सावली कुठल्याच गुणावर पडलेली नव्हती. वेळेवर येतात, सगळीकडे पाच. विषयाचं ज्ञान, चार. समजावून सांगणं, तीन. सगळ्यांना समान वागवणं, तीन. उरलेल्या सहा ओळींत एक, क्वचित दोन. फळ्यावरचं लेखन. ड्रॉइंग वाचून दाखवणं. मापं घ्यायला शिकवणं. वह्या तपासणं. तयार जॉब, म्हणजे लेथवर केलेला भाग, तपासणं. कार्यशाळेतील सुरक्षा.

हे रागाने दिलेले गुण नव्हते. कोणी तरी फार न्यायाने, थंडपणे एका माणसाचं माप घेतलं होतं, जिथे चांगला तिथे चांगला म्हटलं होतं. पण त्या सहा कामांत असं काय होतं?

दोन फॉर्म एकावर एक ठेवून मी खिडकीच्या काचेला लावले. टिका थोड्या मागेपुढे होत्या, पण प्रत्येक टिकेचं खालचं टोक अगदी एकाच उंचीवर. तिसरा फॉर्म लावला, चौथा लावला. तसंच. प्रत्येक ओळीखाली पेन टेकवायला काहीतरी होतं. सारख्या अंतरावर खाचा पाडलेली एखादी पट्टी.

रजिस्टरमधली पितळी पट्टी.

ती खुणेसाठी नव्हती. हजेरीच्या ओळी बोटाने सापडाव्यात म्हणून होती. धड दिसणाऱ्या माणसाला टीक मारायला खाचा कशाला लागतील?

फळा, ड्रॉइंग, मापं, वह्या, जॉब, सुरक्षा. सहाही कामांना डोळे लागतात. वेळेवर यायला लागत नाहीत. समजावून सांगायला लागत नाहीत. चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखायलाही लागत नाहीत.

मी फॉर्म खाली ठेवले. मला कुणाला तरी फोन करावासा वाटला. यादी वर-खाली केली आणि फोन पालथा ठेवला.

७

रविवारी दुपारी मी गुढियारीला गेले. मालधक्क्याकडून वळलं की तिसऱ्या गल्लीत सरांचं घर. मी हाक मारायच्या आधीच आतून आवाज आला.

"पट्टा शिवला नाही ना अजून?"

खोली नीटनेटकी होती, इतकी की कुठलीच वस्तू कधी हलत नसावी. भिंतीवर सरांच्या पत्नीचा, कलावतीबाईंचा फोटो. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा हैदराबादला. सरांनी चहा केला. कपात ओतताना त्यांचं एक बोट कपाच्या आतल्या काठावर होतं. चहा बोटाला लागला तसं ओतणं थांबलं.

"सर, फॉर्म तुम्ही भरले."

"हव," ते म्हणाले. अगदी सहज.

"डोळ्यांचं कधीपासून?"

"शुगर जुनीच आहे. दिवाळीच्या आधीपासून मधोमध काळं आलं. काठाकाठानं दिसते. तुहा चेहरा नाही दिसत, कान दिसते." ते हसले. "कोपऱ्यातला माणूस दिसते, पण समोरचा नाही."

"आणि कपाटाचा पोचा?"

त्यांचा हसरा चेहरा मावळला. चहाचा कप त्यांनी बशीच्या बरोबर मध्ये ठेवला.

"लेथवर जॉब पकडायचा जबडा असते ना, चक. तो कसायची लोखंडी चावी चकातच राहिली होती. मी तिथूनच गेलो. मले दिसली नाही. यशदीपनं बटन दाबलं. ती चावी त्याच्या कानाजवळून गेली अन् कपाटात घुसली." त्यांनी दोन बोटांनी अंतर दाखवलं. "एवढ्या अंतरानं. पोट्टा हसून राहिला होता, बच गए सर म्हणून. त्या दिवशी मी ठरवलं."

"मग सांगायचं होतं ना निरंजन सरांना!"

"गेलो ना दोनदा. राजीनामा दिला. पहिल्या वेळी म्हणे, सर, तुम्ही तर डोळे मिटूनबी शिकवाल. तोही हसला, मीही हसलो. मग काय सांगू? पुढचं तोंडातून निघालंच नाही. कलावती गेल्यापासून घरात बोलायले कोणी नाही, पोरी. आतलं बाहेर काढायची सवयच मोडली. अन् पोराले कळलं असतं तर तो मले नेऊन दहाव्या मजल्यावर बसवून देते. तिथं कोणाच्या पायाचा आवाज ओळखू मी?"

"म्हणून गुण."

"आकड्यानं काढलं की कोणी काहून म्हणून विचारत नाही. तुहाच नियम आहे तो, अडीचचा."

टेबलाच्या खणात हात घालून त्यांनी दुसरी एक पट्टी काढली. हिला दहाच खाचा होत्या.

"दोन रविवार लागले. अठ्ठावीस भरून ठेवले होते. मंगळवारी पाकीट हातात आलं तेव्हा दोन काढून घेतले. खोटे नाही लिहिले मी. जेवढे बसतात तेवढेच दिले."

"सर, मुलं ओरडतील असं नाही वाटलं?"

"पोट्टे एवढं मनावर घेतील असं नाही वाटलं."

"चिरागचं नाव घेऊन राहिलेत ट्रस्टवाले. उद्या चार वाजता त्याला काढतील."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांची मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळली, मग थोडी बाजूला, जशी ते मला बघायला वळवत असावेत.

"चिरागचं काहून? त्यानं काय केलं?"

"काही नाही. तुम्ही गेलात तर त्याचा फायदा, एवढंच."

बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत गेले. सर उठले, सगळे डबे जाईपर्यंत उभे राहिले. मग ते चालत फोटोपाशी गेले, त्याखालच्या पत्र्याच्या पेटीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"हे खरे. तेवीस. फाडू नाही शकलो. वाचताही नाही आले." पुन्हा बसून ते म्हणाले, "तू वाचून दाखवशील काय?"

मी वाचले. पहिला फॉर्म, दहा ओळी, दहा पाच. दुसरा, दहा पाच. फळ्यावरचं लेखन पाच, दोन महिन्यांत फळ्यावर एक अक्षर नसताना. यशदीपच्या फॉर्मच्या मागे मोठ्या अक्षरात होतं, 'हमारे सर को परमानेंट करो। चाय भी अच्छी मिलनी चाहिए।'

"गधा," सर म्हणाले, पण त्यांचा आवाज ओला होता.

एकोणिसाव्या फॉर्मवर मी थांबले.

"काय झालं?"

"ह्यात सगळे पाच नाहीत. समजावून सांगणं पाच, ज्ञान पाच. फळा तीन." मी फॉर्म उजेडाकडे धरला. "जॉब काळजीपूर्वक तपासतात, दोन. मागे मराठीत लिहिलंय."

"चेतना असन. वाच."

"'सरांना नीट दिसत नाही. आम्हा सगळ्यांना दिवाळीपासून माहीत आहे. म्हणून आम्ही मापं मोठ्याने म्हणतो. बाकीचे पाच देणार आहेत. मी खरं लिहीत आहे, कारण यशदीपला लागलं असतं. सरांना काढू नका. तपासायला त्यांच्याजवळ कोणीतरी ठेवा.'"

चहावर साय आली होती.

"म्हणजे ते मापं..." सर म्हणाले. "मी समजलो, माहं नशीब चांगलं आहे." त्यांनी हात पुढे केला. मी फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट ओळींवरून खाली नेलं, बॉलपेन जोरात दाबून लिहिलेल्या अक्षरांच्या खाचांवरून.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

८

सोमवारी चार वाजता माझा अहवाल एक पानाचा होता. तो मी वाचलाच नाही. सर माझ्या आधी उभे राहिले आणि ट्रस्टच्या माणसांना, निरंजन सरांना, भिंतीपाशी उभ्या चिरागला स्वतःच सगळं सांगितलं. डोळे, चावी, पितळी पट्टी. फक्त त्या तीन मुलांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी ते का गाळलं हे समजून मीही गप्प राहिले. माझ्या अहवालातली ती ओळ मी आधीच खोडली होती. चांगल्या संख्याशास्त्रज्ञाने असं करू नये.

निरंजन सर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. ती स्वच्छच होती. "मी हसलो होतो ना त्या दिवशी," ते एवढंच म्हणाले.

मार्चपर्यंत सर फक्त वर्गात शिकवतील, लेथवर चिराग उभा राहील, असं ठरलं. मार्चनंतरचा विषय कोणी काढला नाही. सरांनीही विचारलं नाही. हैदराबादला फोन मात्र करावा लागणार होता, आणि तो ते स्वतः करणार होते.

बाहेर चिराग त्यांना म्हणाला, "सर, मेरे को बोल देते।"

"तुले बोललो असतो तर तू दुसऱ्या दिवशी पेढे वाटले असते," सर म्हणाले. चिराग हसला आणि डोळे पुसून आत गेला.

खरे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे बाकी होते; ते किती आहेत हे कोणी मोजलं नव्हतं. सर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर चार महिन्यांत कोणी बसलं नव्हतं, तिच्यावर मी फाइली ठेवायची. मी गुण मोठ्याने वाचत टाइप करू लागले, जशी मुलं मापं म्हणतात तशी. पाच, पाच, पाच. बाहेर लेथचा कंप फरशीतून खुर्चीच्या पायांत येत होता. पहिले अठरा फॉर्म झाले. एकोणिसावा घेतला. ज्ञान पाच. समजावून सांगणं पाच. फळा तीन.

जॉब तपासण्याच्या ओळीपाशी माझं बोट थांबलं.

"थांबली काहून?" सर म्हणाले. "दोन. लिही."